रामेनच्या वाडग्यांत लसूण

पदार्थाची चव जिभेला कळते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण सर्दीनें नाक चोंदलेल्या मनुष्यापुढें कितीहि उत्तम आमटी ठेविली, तरी त्याला ती नुसती खारट आणि आंबट लागते. खारट, गोड, आंबट, कडू अशा मोजक्या गोष्टी जीभ सांगते. बाकीची बहुतेक लज्जत नाकाच्या स्वाधीन असते. हें साधें तत्त्व ध्यानांत ठेविलें, म्हणजे जपानी रामेनच्या तयार पाकिटानें पोट भरतें पण मन कां भरत नाहीं, याचा उलगडा होतो. आणि लसणीच्या दोन पाकळ्या ती उणीव कशी भरून काढतात, हेंहि कळतें.

रामेन म्हणजे ऊन रश्शांत घातलेल्या गव्हाच्या लांब शेवया. हा प्रकार चिनी स्वयंपाकांतून जपानांत गेला आणि तेथें रुळला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानांत अन्नाची विलक्षण टंचाई होती. ओसाका शहरांत वाडगाभर ऊन रामेनसाठीं थंडींत रांग लावून उभीं राहिलेलीं माणसें मोमोफुकु आंदो यांनीं पाहिलीं, आणि तें दृश्य त्यांच्या मनांतून गेलें नाहीं. पुढें ओसाकाजवळच्या इकेदा गांवीं घरामागच्या खोपटांत प्रयोग करून त्यांनीं २५ ऑगस्ट १९५८ रोजीं पहिलें तयार रामेन बाजारांत आणलें. शेवया प्रथम वाफवावयाच्या, त्यांना रश्शाचा अर्क लावावयाचा आणि मग त्या तेलांत तळावयाच्या, ही त्यांची युक्ति. तळतांना शेवयांतील पाणी वाफ होऊन बाहेर पडतें व मागें सूक्ष्म छिद्रें राहतात. उकळतें पाणी त्याच छिद्रांतून आंत शिरतें, म्हणून शेवया दोन-तीन मिनिटांत मऊ होतात. आरंभीं पाकिटास ३५ येन पडत, तर ताज्या उदोन शेवया ६ येनला मिळत. म्हणजे हें गरिबांचें अन्न नव्हतें. पुढें उत्पादन वाढलें, किंमत उतरली. आज अशीं शंभर अब्जांहून अधिक पाकिटें जगांत वर्षाकाठीं खपतात.

आतां पाकिटांतील मसाल्याच्या पुडीकडे वळूं. तींत मीठ असतें, आणि बहुधा ग्लूटामेटहि असतें. समुद्रांतील कोंबू या वनस्पतीच्या काढ्याला जी मांसल रुचि असते तिचें मूळ ग्लूटामेटमध्यें आहे, हें टोकियोचे रसायनज्ञ किकुनाए इकेदा यांनीं १९०८ सालीं दाखवून दिलें. सारांश, जिभेची सोय पुडींत उत्तम केलेली असते. नाकाची मात्र होत नाहीं. कारण सुवासिक द्रव्यें उडून जाणारीं असतात, आणि वाळवून महिनोन्महिने ठेविलेल्या भुकटींत त्यांचा अल्प अंशच उरतो. लसूण उपयोगी पडते ती येथें.

अखंड पाकळीला वास जवळजवळ नसतो, हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. सुरी लागली कीं तो एकाएकीं सुटतो. याचें कारण असें कीं, पाकळींत अलिइन नांवाचें गंधकयुक्त द्रव्य एकीकडे आणि त्याचें रूपांतर करणारें एन्झाइम दुसरीकडे, अशीं दोघें निरनिराळ्या कप्प्यांत नांदत असतात. चिरतांना किंवा ठेंचतांना मधले पडदे फाटतात, दोघांची गांठ पडते आणि कांहीं सेकंदांतच अॅलिसिन हें तिखट वासाचें द्रव्य तयार होतें. अमेरिकेंत कॅव्हॅलिटो व बेली यांनीं १९४४ सालीं अॅलिसिन वेगळें केलें. स्वित्झर्लंडमध्यें स्टोल व सीबेक यांनीं १९४८ सालीं अलिइनचा शोध लाविला. उष्णतेनें तें एन्झाइम निकामी होतें. म्हणून अखंड पाकळी उकळली तर ती गोडसर व सौम्य लागते, आणि तीच आधीं ठेंचून मग शिजविली तर तिचा प्रभाव वेगळा पडतो. तात्पर्य, लसणीची चव एक नसून अनेक आहेत. कोणती मिळावी हें सुरी, आंच आणि वेळ यांवर ठरतें.

जपानच्या जुन्या स्वयंपाकांत लसणीला फारसें स्थान नव्हतें. झेन मठांच्या दाराशीं, उग्र वासाच्या भाज्या आणि मद्य आंत आणूं नये, असें बजावणारे शिलालेख आजहि दिसतात. चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या महाराष्ट्रीय घरांना यांत नवल वाटणार नाहीं. पण रामेनच्या दुकानांत हा निर्बंध टिकला नाहीं. क्यूशू बेटावरील फुकुओका भागांत, डुकराच्या हाडांच्या दाट रश्शाबरोबर, कित्येक दुकानांत कच्ची लसूण व ती दाबण्याचा चिमटा गिऱ्हाइकापुढेंच ठेवितात. त्याच बेटावरील कुमामोतो येथें लसूण काळी होईपर्यंत तेलांत तळून केलेलें ‘मायु’ नांवाचें तेल रश्शावर सोडतात. कच्ची लसूण झणझणीत, सोनेरी लसूण खमंग आणि काळी लसूण किंचित् कडवट, पण खोल चवीची.

घरच्या पाकिटासाठीं मधली रीति सर्वांत सोयीची. एका पाकिटास दोन पाकळ्या पातळ चिराव्या. लहान पळींत चमचाभर तेल घेऊन, तें थंड असतांनाच काप टाकावे आणि मंद आंचेवर ठेवावे. तेल आधीं कडकडीत तापविल्यास कापांच्या कडा जळतात व आंतील भाग ओलाच राहतो. काप फिकट सोनेरी होतांच उतरावे. तेलाच्या उष्णतेनें ते पुढेंहि लाल होत राहतात, आणि एकदां करपले कीं कडवटपणा जात नाहीं. शेवया नेहमींप्रमाणें शिजवाव्या व तें तेल कापांसकट अगदीं शेवटीं, चूल बंद केल्यावर, वरून घालावें. लसणीचीं गंधद्रव्यें तेलांत विरघळतात, पण उकळत्या पाण्याच्या वाफेबरोबर उडून जातात. आमटीवर वरून फोडणी देणाऱ्यांना हें सांगावयास नको. तिखटपणा हवा असल्यास अर्धी लहान पाकळी किसून त्याच वेळीं मिसळावी. अधिक घातल्यास दुसरें कांहींच लागत नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट मिठाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ मनुष्यानें दिवसाकाठीं ५ ग्रॅमहून कमी मीठ खावें; आणि कित्येक पाकिटांचा रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्यास त्या मर्यादेचा मोठा भाग एकाच जेवणांत संपतो. लसूण मीठ नाहींसें करीत नाहीं. पण नाक तृप्त झालें म्हणजे जिभेची मागणी कमी होते; लसणीचें तेल घातल्यावर अर्धी पुडी पुरते, उरलेली बाजूस ठेवितां येते. रक्तदाबाचा विकार असलेल्या माणसाला हा लाभ चवीहून मोठा आहे.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. सोयीसाठीं लसणीचें तेल बाटलींत भरून फळीवर ठेवूं नये. लसूण जमिनींत वाढते व तिच्यावर बोट्युलिझम या रोगाच्या जंतूंचीं बीजें असूं शकतात. तीं साध्या तळण्यानें मरतीलच असें नाहीं. तेलांत हवा पोंचत नाहीं, आणि असें निर्वात, आंबटपणा नसलेलें व उबदार स्थळ त्या जंतूंना मानवतें. त्यांचें विष वासावरून ओळखूं येत नाहीं. कॅनडांतील व्हँकुव्हर येथें १९८५ सालीं तेलांत ठेविलेल्या चिरलेल्या लसणीमुळें ३६ जणांना हा रोग झाला. यास्तव तेल लागेल तेवढेंच आणि लागेल तेव्हांच करावें. चमचाभर तेलाला वेळ तो किती लागणार!

रात्रीं उशिरां खोलीवर परतलेला विद्यार्थी किंवा एकट्यापुरती चूल पेटविण्याचा कंटाळा करणारी वृद्धा यांना पाकीट हाच आधार वाटतो, आणि त्यांत दोष कांहीं नाहीं. थंडींत रांगेंत उभ्या असलेल्या माणसांसाठींच तें निर्माण झालें. दोन पाकळ्या चिरण्याची पांच मिनिटें मात्र त्यांनीं स्वतःसाठीं खर्च करावीं. मग मिळेल तें घाईचें पोटभरू अन्न नव्हे, स्वतःच्या हातानें रांधलेलें जेवण असेल.