विम्याचा हप्ता ठरतो तरी कसा?

“भावजींनी आणि ह्यांनी एकाच दिवशी, एकाच एजंटाकडून, पंचवीस-पंचवीस लाखांचाच टर्म विमा घेतला. मग आमचाच हप्ता जास्त का?” शेजारच्या वहिनी तावातावाने विचारीत होत्या. एजंटाने फसवले, अशी त्यांची खात्रीच झाली होती.

फसवणूक काही नव्हती. विम्यात भाजीवालीशी करतो तशी घासाघीस चालत नाही. हप्ता कोष्टकावरून निघतो. समजा, दर हजारी दर ४ रुपये आहे. पंचवीस लाखांत अडीच हजार हजार, म्हणजे वर्षाला १०,००० रुपये झाले.

पण हा दर प्रत्येकाला वेगळा. पहिली गोष्ट वय. जितके जास्त, तितका दर चढा. काही योजनांत जवळचा वाढदिवस धरतात. वाढदिवसाला सहा महिने उलटले, की एक वर्ष वाढलेच म्हणून समजा! मग मुदत, प्रकृती, रक्तदाब, मधुमेह. धोक्याचे काम असेल तर त्याचाही जादा आकार. तंबाखूचे व्यसन असेल तर टर्म विमा बराच महाग पडतो. आपल्या बायकांचे आयुर्मान पुरुषांहून अधिक, म्हणून टर्म विम्यात आपला दर सहसा कमी असतो. मात्र मशेरी हीही तंबाखूच, हे विसरू नका!

एके काळी तर विमा कंपन्या हिंदी माणसाकडून जादा हप्ता घेत. १८७० साली मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने आपल्या लोकांनाही नेहमीच्या दराने विमा दिला.

वहिनींचे यजमान भावजींपेक्षा आठ वर्षांनी मोठे, आणि खिशात तंबाखूची पुडी कायमची. हप्ता वाढणारच! “मग तंबाखूचं लिहिलंच नसतं तर?” वहिनींनी हळूच विचारले.

खरी मेख इथेच आहे. अर्ज भरताना आपण स्वयंपाकघरात चहा टाकीत असतो, आणि बाहेर एजंट म्हणतो, “साहेब, ‘नाही’ लिहू या.” वर्षाचे थोडे पैसे वाचतात. पण पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत काही बरेवाईट झाले आणि दडवलेले उघड झाले, तर कंपनी दावा नाकारू शकते. तीन वर्षांनंतर कायद्याने तसे करता येत नाही, हे खरे. पण संकट काय तारीख बघून येते? आणि तेव्हा रिकाम्या हाताने परतायची वेळ येते ती बायको-मुलांवर.

तेव्हा मैत्रिणींनो, अर्ज भरताना शेजारी बसा. वय, आजार, व्यसन सगळे खरे लिहिले आहे ना, ते पाहा. पॉलिसी हातात आली की सोबतची अर्जाची प्रत वाचा. चूक दिसली तर लगेच लेखी कळवा. विमा पटला नाही, तर तीस दिवसांत तो परतही करता येतो.

वहिनींनी हप्ता मुकाट्याने भरला. तंबाखूची पुडी मात्र आता रोज त्यांच्या डोळ्यांत खुपते!