चांदीचा चमचा आणि डार्विन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हातघडणीचा चांदीचा चमचा दहा-वीस डॉलरचा होता, यंत्रावर काढलेला ॲल्युमिनियमचा दहा-वीस सेंटचा. घास दोन्हींनी सारखाच तोंडात जातो. मग पहिलाच देखणा का वाटतो? अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टिन व्हेब्लेनने १८९९ साली ‘द थिअरी ऑफ द लीझर क्लास’मध्ये हा प्रश्न विचारला आणि उत्तर देताना श्रीमंतांची यथेच्छ खिल्ली उडवली. हिरवळ राखायला गाय सर्वांत सोयीची. पण गायीला काटकसरीचा वास येतो, म्हणून बडी मंडळी निरुपयोगी हरणं पाळतात, हेही त्याचंच निरीक्षण. पुस्तक गाजलं ते उपहास म्हणून. त्यामागचा डार्विन मात्र बऱ्याच वाचकांच्या नजरेतून निसटला.

व्हेब्लेन मूळचा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. नॉर्वेहून विस्कॉन्सिनला आलेल्या शेतकऱ्याच्या घरी १८५७ मध्ये त्याचा जन्म झाला. १८८४ मध्ये तो येलमधून पीएच.डी. झाला, त्याच वर्षी कांटवरचा त्याचा लेखही छापून आला. नोकरी मात्र मिळेना. पुढची सुमारे सात वर्षं बरीचशी वाचनात गेली. अर्थशास्त्राकडे तो वळला त्यानंतर.

निसर्गात हेतू असल्यासारखं पाहिल्याशिवाय माणसाच्या बुद्धीला चैन का पडत नाही, हा कांटचा प्रश्न. डार्विनने हेतूलाच रजा दिली: एका कारणातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, शेवट आधी ठरलेला नाही. अर्थशास्त्र हे उत्क्रांतीचं शास्त्र का नाही, असं १८९८ च्या लेखात विचारताना व्हेब्लेनने हीच कसोटी लावली. समतोल, स्वाभाविक किंमत या कल्पनांत त्याला जुना हेतूच वेश पालटून बसलेला दिसला. सुखदुःखाचा हिशेब मांडत बसणारा माणूसही त्याला पटेना. माणूस घडतो तो सवयींनी, आणि रुजलेल्या सवयी म्हणजेच संस्था. टिकतात किंवा मोडतात त्या याच.

गंमत अशी, की येलमध्ये त्याला शिकवणारा विल्यम ग्रॅहम समनर लक्षाधीशांना नैसर्गिक निवडीचं फळ मानत असे. शिष्याने ते उलटं केलं. पैशाच्या उबेत राहणाऱ्यांना बदलत्या परिस्थितीचा चटका बसत नाही. म्हणून शिकार, द्वंद्व, मिरवणं या जुन्या सवयी त्यांच्यातच जास्त काळ तग धरतात. म्हणजे लक्षाधीश हा उत्क्रांतीचा शेंडा नव्हे, तिचा मागे राहिलेला अवशेष.

कच्चा दुवाही इथेच आहे. कोणती सवय का टिकते, याची नेमकी यंत्रणा व्हेब्लेनने कधी नीट उलगडली नाही. मोडतोड करण्यात त्याचा हात जितका चालला, तितका बांधण्यात नाही.

दाखला मात्र तो नेमका देई. १९१५ च्या जर्मनीवरच्या पुस्तकात ब्रिटिश रेल्वेच्या मालडब्यांची गोष्ट आहे. डबे छोटे, नव्या काळाला न परवडणारे. पण रूळ, फलाट, माल चढवण्या-उतरवण्याची सोय सगळी त्याच मापाची. एकटा डबा मोठा करून काय उपयोग? उशिरा कामाला लागलेल्या जर्मनीच्या गळ्यात हे जुनं लोढणं नव्हतं.