तीन सेकंदांचे मोल

ताशी १०० किलोमीटरचा वेग मोटारीने प्रथम ओलांडला तो १८९९ साली, पॅरिसजवळ. आणि बेल्जियन चालक जेनात्झी याची ती मोटार विजेवर चालणारी होती! विजेच्या यंत्राला उभ्या जागेपासूनच पूर्ण जोर लावता येतो. २०१९ साली आलेली पोर्श टायकान टर्बो एस हा वेग २.८ सेकंदांत गाठते. पण हे सुख विकत घ्यावे काय? वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि बॅटरी झरझर रिती होते. शिवाय मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीलाही मर्यादा १००चीच! पहिले काही क्षण सोडले, तर साध्या विजेच्या मोटारीचा मालक तेथे आपल्या बरोबरीनेच असतो. तेवढ्यासाठी एवढे द्रव्य मोजण्यास माझ्यासारख्या पगारदाराचे मन धजत नाही. मात्र कुणी एकदा शेजारी बसवून नेले, तर नको म्हणवणार नाही.