टॅबलेटमधील ग्रंथ आणि त्याचे कुलूप

पुस्तक हे वारशाने पुढे जाणारे धन आहे. थोरल्याचे पुस्तक धाकट्याने वापरावे, शेजाऱ्याने मागून न्यावे, हा आपला नित्याचा अनुभव. ठाणे-कल्याण परिसराला वाचनाची जुनी परंपरा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने वाचलेली पुस्तके देऊन दुसरी नेण्याचे आदानप्रदान सोहळे भरविले. या साऱ्यांमागे एकच गृहीत आहे : विकत घेतलेली प्रत घेणाऱ्याच्या मालकीची असते.

टॅबलेट आणि मोबाईल आल्यावर हे गृहीत डळमळले आहे. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये आज अनेक प्रवासी पडद्यावर वाचतात, चित्रपट पाहतात. तेथे पैसे भरून जे मिळते ती बहुधा प्रत नसून वापरण्याचा परवाना असतो. याचे तंत्र असे : पुस्तकाची वा चित्रफितीची फाईल सांकेतिक रूपात बंदिस्त केलेली असते. ती उघडणारी किल्ली आपल्या खात्याशी किंवा त्या विशिष्ट उपकरणाशी जोडलेली असते. फाईल दुसऱ्या उपकरणात नेली, तरी किल्लीवाचून ती उघडत नाही. म्हणूनच ॲपमध्ये उतरवून घेतलेला चित्रपट वर्गणी संपताच दिसेनासा होतो.

अशा कुलपामागे कारण आहे, हे मान्य केले पाहिजे. मराठी पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरतात, तेव्हा लेखक आणि छोटा प्रकाशक यांच्या श्रमाचे मोल बुडते. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराईट कायद्यात कलम ६५-अ आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंडही होऊ शकतो.

परंतु किल्ली कायम दुसऱ्याच्या हाती राहते, हा धोकाही तितकाच खरा. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या पुस्तकांच्या, विकणाऱ्याकडे हक्क नसलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकल्या. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तके गेली. कागदी पुस्तकाचा दुकानदार दुकान बंद करून आपल्या घरातील कपाट रिकामे करीत नाही.

पालकांना याची झळ अभ्यासाच्या साहित्यात बसते. काही शिकवणीवर्ग आपले धडे ठराविक टॅबलेटवर, ठराविक मुदतीपुरतेच चालतील अशा रीतीने देतात. मुदत संपली की धाकट्या भावंडासाठी पुन्हा खर्च करावा लागतो. कष्टाच्या मिळकतीतून फी भरणाऱ्या कुटुंबाला हा भेद आधी ठाऊक असणे अगत्याचे आहे.

कुलूप नसलेले भांडारही मोठे आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी खुले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून मुक्त आहे. निधनोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाची मुदत प्रकाशनवर्षापासून मोजतात. म्हणून १९५७ साली प्रसिद्ध झालेला ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा मूळ इंग्रजी ग्रंथ १ जानेवारी २०१८ पासून खुला झाला. अनुवादकाचा हक्क मात्र वेगळा असतो, हे ध्यानी ठेवावे. ठाण्यातीलच ई साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य देते. अशी फाईल कोणत्याही टॅबलेटवर उघडते आणि उपकरण बदलले तरी सोबत येते.

तेव्हा डिजिटल साहित्यासाठी पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे दुसऱ्या उपकरणावर चालेल काय? किती काळ चालेल? घरातील दुसऱ्या मुलाला वापरता येईल काय? एकदा पाहायच्या चित्रपटासाठी परवाना पुरेसा आहे. जे ग्रंथ पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाचे आहेत, ते कागदावर अथवा कुलूपविरहित फाईलच्या रूपात घरी असावेत. खुल्या ग्रंथांची एक प्रत पेनड्राईव्हवर जपून ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. ते काम घरातील विद्यार्थ्याकडेच सोपवावे.