संख्या पुरेशी, डीएनए तुटका

वीर्यतपासणीचा रिपोर्ट हातात आला की नजर तीन आकड्यांवर जाते : शुक्राणूंची संख्या, त्यांची हालचाल आणि त्यांचा आकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या नियमपुस्तिकेत या तिन्हींच्या खालच्या मर्यादा दिल्या आहेत. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, त्यांतले ४२ टक्के हलणारे आणि ४ टक्के योग्य आकाराचे. एवढे जमले की रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिले जाते आणि पुढच्या बहुतेक तपासण्या बायकोच्या वाट्याला येतात. शुक्राणूने बीजांडापर्यंत पोहोचवायचा डीएनए मात्र धड आहे की तुटका, हे या तिन्ही आकड्यांतून कळत नाही.

ते कळायची वाट १९८० साली सापडली. डोनाल्ड एव्हेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. शुक्राणूंची केंद्रके तापवायची, मग त्यांवर अ‍ॅक्रिडिन ऑरेंज हे रंगद्रव्य घालायचे. ज्यांचा डीएनए शाबूत राहतो ती हिरवी चमकतात, ज्यांचे दोन पदर सुटतात ती लाल. बैल, उंदीर आणि माणूस या तिघांतही प्रजननक्षमता कमी किंवा शंकास्पद असलेल्यांचा डीएनए लवकर उलगडत होता. याच कल्पनेतून पुढे प्रमाणित चाचणी तयार झाली. आज रिपोर्टवर ‘डीएफआय’ म्हणून जी टक्केवारी येते, ती अशा तुटक्या डीएनएच्या शुक्राणूंची असते. ती ३० टक्क्यांच्या वर गेली की डॉक्टर सहसा सावध होतात.

डीएनए तुटतो कुठे? शुक्राणूच्या जेमतेम ५ मायक्रोमीटरच्या डोक्यात सुमारे एक मीटर लांबीचा डीएनए बसवायचा असतो. त्यासाठी वृषणात नेहमीची हिस्टोन प्रथिने बहुतांशी काढून त्यांच्या जागी प्रोटामिन बसवली जातात आणि धागा कमालीचा घट्ट आवळला जातो. या घडणीत पेशीतला बहुतेक द्रव बाहेर टाकला जातो आणि त्याबरोबर डीएनए दुरुस्त करण्याची ताकदही जाते. त्यानंतर शुक्राणू अधिवृषणाच्या नागमोडी नळीतून कित्येक दिवस प्रवास करतो. तिथे ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रेणूंनी घाव घातला, तर तो भरून काढायला त्याच्याजवळ काहीच नसते. रोममधल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये १८ पुरुषांचे वीर्यातले आणि वृषणातले असे दोन्ही नमुने तपासले. वीर्यातल्या शुक्राणूंपैकी २३.६ टक्क्यांचा डीएनए तुटलेला निघाला, थेट वृषणातून घेतलेल्यांत हे प्रमाण केवळ ४.८ टक्के होते. म्हणजे बरीचशी मोडतोड वाटेत झालेली होती.

इक्सी तंत्र १९९२ मध्ये ब्रुसेल्समधून जगासमोर आले तेव्हा पुरुषाच्या वंध्यत्वावर मोठाच उपाय मिळाला. एकच शुक्राणू निवडून सुईने बीजांडात सोडायचा. पण निवडणाऱ्याला सूक्ष्मदर्शकातून दिसतात ते आकार आणि हालचाल. डीएनएची चाचणी केलेला शुक्राणू त्या चाचणीतच मरतो, त्यामुळे जो तपासला तो वापरता येत नाही.

तुटका डीएनए घेऊन आलेला शुक्राणूही बीज फलित करू शकतो. बीजांडाकडे दुरुस्तीची स्वतःची यंत्रणा असते. घाव थोडे असतील आणि स्त्रीचे वय कमी असेल, तर ते बरेच सांभाळून घेतले जाते. वय वाढते तशी ही क्षमता उतरते. शिवाय पहिले दोन-तीन दिवस गर्भ आईच्या बीजांडातल्या शिदोरीवर वाढतो. त्याची स्वतःची जनुके चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर जोमाने कामाला लागतात, आणि बापाकडून आलेला बिघाड तेव्हा डोके वर काढतो. सुरुवातीला छान दिसणारा गर्भ पुढे अडखळतो. डीएनएची हानी जास्त असलेल्या पुरुषांच्या जोडीदारांत गर्भपाताचा धोका सुमारे दुप्पट असल्याचे २०१२ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले.

आता उपाय. औषधाच्या दुकानात सर्वात सहज मिळतात त्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या, आणि पुरावा सर्वात निराश करतो तोही त्यांच्याच बाबतीत. अमेरिकेत २,३७० जोडप्यांतील पुरुषांना सहा महिने फॉलिक अ‍ॅसिड आणि झिंक किंवा नुसती दिखाऊ गोळी देण्यात आली. २०२० मध्ये निकाल आला : मूल होण्याचे प्रमाण ३४ विरुद्ध ३५ टक्के. उलट डीएनए तुटण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांतच किंचित जास्त निघाले, २९.७ विरुद्ध २७.२ टक्के.

घाव वाटेत होत असतील तर वाट आखडती घेणे अधिक सयुक्तिक. सिडनीतल्या एका डॉक्टरांनी ११८ पुरुषांना सलग सात दिवस रोज वीर्यस्खलन करायला सांगितले. सरासरी हानी ३४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आली. २००९ मध्ये मांडलेल्या या उपायाला खर्च शून्य होता. तपासणीआधी बरेच दिवस संयम पाळून नमुना ‘दमदार’ करण्याची समजूत इथे उलटी पडते. वृषणाभोवतीच्या शिरा फुगल्या असतील, म्हणजे व्हेरिकोसील असेल, तर शस्त्रक्रियेनंतर हानी घटते असे अनेक अभ्यास सांगतात. निवडक रुग्णांत इक्सीसाठी शुक्राणू थेट वृषणातून घेतले जातात. त्यात सुईची किंवा शस्त्रक्रियेची जोखीम आहे, म्हणून तो पहिला उपाय नव्हे. सिगारेट सोडण्यासारख्या बदलाचा परिणाम तपासायचा तर घाई उपयोगाची नाही. शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे पुन्हा चाचणी तीनेक महिन्यांनी करावी लागते.

प्रत्येक जोडप्याने पहिल्याच भेटीत ही चाचणी करावी, असे तज्ज्ञ म्हणत नाहीत. अमेरिकी मूत्ररोग आणि प्रजननतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत प्राथमिक तपासणीसाठी ती नाकारली. मात्र वारंवार गर्भपात होत असेल, तर पुरुषाच्या गुणसूत्रांबरोबर त्याच्या शुक्राणूंच्या डीएनएचीही तपासणी करावी, असे त्याच सूचनांत म्हटले आहे. एरवी अशा वेळी सारी विचारपूस बाईपाशी सुरू होऊन तिच्यापाशीच संपत असे. या सूचनांनी नवऱ्यालाही तपासणीच्या टेबलापाशी बोलावले.