राखणदारावरच शिक्का!

आमच्या बचत गटातल्या एक काकू. पाळी जाऊन सहा वर्षं झालेली. एकदा वावरात मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “ताई, पुन्हा अंगावरून जाऊन राह्यलं.” मी म्हटलं, “उष्णता असेल, धन्याचं पाणी घ्या.” वर्षभराने नागपूरला नेलं, तर गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर पसरलेला. काकू गेल्या. माझा तो सल्ला मला अजून टोचतो.

मी कलाशाखेची, विज्ञान दहावीतच सुटलेलं. पण हे होतं तरी कसं, म्हणून वाचू लागले.

आपल्या यवतमाळच्या जंगलात तोडायच्या सागावर शिक्का मारतात ना? शरीरातही तसंच. पेशीतल्या नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिनचा शिक्का बसतो आणि ती मोडीत निघतात. या शोधाला 2004 चं नोबेल मिळालं. शिक्का मारणाऱ्यांपैकी एक म्हणजे ‘यूबीई 3 ए’ हे प्रथिन. त्याचा जनुक आपल्या पंधराव्या गुणसूत्रावर असतो. एचपीव्ही नावाचा विषाणू याच शिक्केवाल्याला फितवतो आणि ‘पी 53’ या राखणदारावरच शिक्का मारायला लावतो. राखणदार गेला, की बिघडलेल्या पेशींना रान मोकळं!

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, पण इतका सर्रास आढळतो की त्यावरून कुणाच्या चारित्र्याकडे बोट दाखवू नये. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप जातो. काहींच्यात मात्र वर्षानुवर्षं ठाण मांडतो. कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे मैत्रिणींनो, आपल्या हातात वेळ असतो!

उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असं 2009 साली जाहीर झालं. त्या बायका आपल्यासारख्याच, खेड्यापाड्यातल्या.

व्हिनेगरसारखा पातळ द्राव लावून करायची साधी तपासणीही असते. काही मिनिटांचं काम, चिरफाड नाही. आणि मुलींसाठी, शक्यतो 9 ते 14 वयात, लस आहे. पुण्याच्या सीरम संस्थेची लस 2023 मध्ये आली. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी हवीच.

पाळी गेल्यावर रक्त गेलं, संबंधानंतर गेलं, घाण वासाचं पाणी जात असलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

मागच्या महिन्यात मी स्वतः तपासून आले. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण आता गटातल्या बायकांना घेऊन जाताना “चला” म्हणायचा हक्क तरी मिळाला.