पित्ताच्या फेऱ्या

पित्त म्हणजे उलटीने पाडून टाकायची घाण, हा समज वर्ध्याकडेही ऐकू येतो. खरे तर यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले (चरबी पचवायला मदत करणारी द्रव्ये) मुद्दाम बनवते. त्यांतली सुमारे ९५ टक्के आतड्यातून शोषली जाऊन यकृताकडे परततात. वर्धा-सेवाग्राम एसटीसारख्या त्यांच्या दिवसात अनेक फेऱ्या होतात. वाटेत आतड्यातले जिवाणू काहींची पाटी, म्हणजे रासायनिक रचना, बदलतात. मग पेशींतले ग्राहक (संदेश टिपणारी प्रथिने) वेगळा निरोप वाचतात. साखर, चरबी आणि ऊर्जाखर्च यांवर त्याचा परिणाम होतो. आपल्या जवसाच्या चटणीतले विद्राव्य तंतू थोडी पित्ताम्ले बाहेर नेतात, तेव्हा भरपाईसाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढते. उलटीतले आंबट पाणी मात्र बहुतांशी जठरातले आम्ल असते.